संकष्टीचा चंद्र आणि सिंहाचे दिवे

मी डायलिसिसची मशीन दुरुस्त करतो. त्यामुळे देश कोणताही असो, मला बहुतेक वेळा तळमजल्यावरची, पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ प्लान्टची खोलीच दिसते. जुलैत नैरोबीला गेलो तेही दहा दिवसांच्या अशाच कामासाठी. जंगलबिंगल माझ्या डोक्यात नव्हतं. पण शुक्रवारी संध्याकाळी हॉटेलवाल्यांनी हात वर केले. कसलीशी मोठी परिषद होती, दोन रात्री खोली सोडा म्हणाले. आमच्या तिथल्या डीलरनं चार फोन फिरवले आणि म्हणाला, "शहरात मिळत नाही. पार्कच्या काठावर एक लॉज आहे, तिकडे टाकतो तुला."

पार्क म्हणजे नैरोबी नॅशनल पार्क. ११७ चौरस किलोमीटर, १९४६ सालचं, केनियातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. शहराच्या मध्यापासून जेमतेम सात किलोमीटर. लोकांना याचं केवढं अप्रूप! मी ठाण्याचा, वर्तकनगरचा. आमचं बोरिवलीचं उद्यान १०४ चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे किंचित लहान, आणि त्याची येऊरकडची बाजू माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. २०१९ च्या फेब्रुवारीत समतानगरच्या मॉलमध्ये पहाटे बिबट्या शिरला होता, तेव्हा आई म्हणाली होती, "सेल असेल." तेव्हा शहराला चिकटून जंगल, याचं मला कौतुक सांगू नका, असा माझा बाणा होता.

लांगाटा रोड, मग मागाडी रोड, मग ओंगाटा रोंगाई. रोंगाईच्या मटाटू, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबस, चाकांवरचे ऑर्केस्ट्राच. फुटबॉलपटूंची चित्रं, निळे दिवे, आतलं गाणं आपल्या छातीत वाजतं. तिथून डावीकडे वळलो आणि दहा मिनिटांत आवाज संपला, डांबर संपलं, कंबरेचे मणके मोजत आम्ही अंधारात एका फाटकापाशी पोचलो.

फाटकावर एक उंच म्हातारे गृहस्थ. अंगात खाकी ओव्हरकोट, त्यावर लाल चौकड्यांची शाल, एका हातात रुंगू म्हणजे गाठीचा सोटा, दुसऱ्या हातात टॉर्च. पहारेकऱ्याला तिथे अस्कारी म्हणतात, पण यांना सगळे 'म्झे' म्हणत. म्झे म्हणजे वडीलधारा माणूस, आपण 'बाबा' म्हणतो तसं. नियम एकच: अंधार पडला की म्झेंशिवाय खोलीबाहेर पाऊल टाकायचं नाही. नदीच्या बाजूला कुंपण नाही. ते मला खोलीपर्यंत सोडायला आले. चालताना टॉर्च समोर न धरता सारखी डावीकडे-उजवीकडे फिरवत होते. मला वाटलं, हात थरथरतोय वयामुळे.

खोली दगडी, वर गवती छप्पर. पांघरुणात काहीतरी गरम आणि मऊ लागलं आणि मी पलंगावरून उडालो. गरम पाण्याची रबरी पिशवी होती. जुलैत नैरोबीत कडाक्याची थंडी असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शहराचं नावच मासाई भाषेतल्या 'थंड पाणी' या शब्दांवरून पडलंय. मी तीन हाफ शर्ट घेऊन गेलो होतो.

रात्री एक वाजता कुणीतरी कुणाचातरी गळा दाबला. दुसरं काही असूच शकत नव्हतं. आधी गंजलेलं दार उघडल्यासारखी करकर, मग किंकाळी, मग आणखी मोठी किंकाळी, मग दम लागल्यासारखं घशातलं घुर्र. मी दिवा लावून, मल्टिमीटरची पिशवी छातीशी धरून बसलो. ती का धरली होती, विचारू नका.

सकाळी वेटरला विचारलं तर तो हसला. म्हणाला, हायरॅक्स. झाडावरचा हायरॅक्स रात्री असाच ओरडतो. जमिनीवरचा, खडकांत राहणारा त्याचा भाऊबंद मला त्याच दुपारी भेटला. आणि तो दिवस होता संकष्टीचा.

हे जरा नीट सांगायला हवं. मी काही फार देवदेव करणारा नाही, पण संकष्टी सोडत नाही. वडील करायचे, ते गेल्यापासून मी करतो, एवढंच. परदेशात उपासाला काय खायचं हा दर वेळचा प्रश्न. केनियात तो प्रश्नच नाही! सकाळच्या चहाबरोबर तिथले लोक उकडलेली रताळी खातात. उकडलेली अरवी खातात, तिला न्दुमा म्हणतात. ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कसावाही बाजारात ढिगानं. शेंगदाणे तर आहेतच. मी स्वयंपाकघरात जाऊन रताळी मागितली, तर आचारी खूश झाला. त्याला वाटलं, पाहुण्याला आपलं जेवण आवडलं.

तर मी गॅलरीत रताळ्यांची बशी ठेवून आत मीठ आणायला गेलो. परत आलो तर बशीपाशी एक प्राणी. सशाएवढा, कान छोटे, शेपूट नाही, तोंड थेट घुशीचं. दोन्ही पाय बशीत. माझ्याकडे पाहून त्यानं सावकाश एक मोठं रताळं उचललं आणि कठड्यावरून खाली खडकांत उतरला. मी शिव्या घातल्या. वेटर म्हणाला, "सर, त्याला उंदीर म्हणू नका. त्याचा जवळचा नातेवाईक हत्ती आहे."

मला वाटलं चेष्टा करतोय. फोनवर शोधलं, तर खरंच! आज जिवंत असलेल्या प्राण्यांत हायरॅक्सचे सगळ्यात जवळचे नातलग म्हणजे हत्ती आणि समुद्रगायी. आता विचार करा. दिवस संकष्टीचा, तोंड उंदराचं, घराणं हत्तीचं. मूषक आणि मूर्ती एकाच देहात येऊन नैवेद्य घेऊन गेले. मी मुकाट्यानं उरलेल्या दोन रताळ्यांवर दुपार काढली.

पहाटे पार्कमधली फेरीही केली होती, डीलरनं पैसे भरले होते म्हणून. जिराफ, झेब्रे, लांबून दोन काळे गेंडे. सिंह नाही. गेंड्यांच्या पाठीमागे धुक्यात शहराच्या टॉवरांची रांग दिसते, तो फोटो सगळेच काढतात, मीही काढला. मला त्यापेक्षा रेल्वेचा पूल आवडला. नवी नैरोबी-नैवाशा लाइन, २०१९ साली सुरू झालेली, पार्कच्या आरपार उंच खांबांवरून जाते. खालून जिराफ जातील अशा बेतानं खांब उभे केलेत. पूल नको म्हणून पुष्कळ भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. मी खाली उभा राहून एक्स्पान्शन जॉइंट बघत होतो आणि ड्रायव्हर मला पक्षी दाखवत होता. जिथे हस्तिदंत जाळलं ती जागाही दाखवली. १९८९ साली राष्ट्राध्यक्ष मोई यांनी १२ टन जाळलं, २०१६ साली १०५ टन. तिथे गेल्यावर मात्र कुणी बोलत नाही.

आता संध्याकाळ.

साडेसहानंतर लगेच अंधार पडला. विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश वगैरे भानगड फारशी नसते, कुणीतरी बटण दाबल्यासारखा दिवस जातो. सात-सव्वासातला बायकोचा फोन. "चंद्र आला आमच्याकडे, आरती झाली, मोदक झाले. तू जेवलास का?"

"इथला कुठे आलाय?"

"अरे, कालनिर्णयात वेळ दिलीय ना!"

"ती मुंबईची आहे."

मागून आईचा आवाज: "जिथे आहेस तिथला चंद्र. मुंबईच्या चंद्रावर तिकडे जेवलास तर उपास मुंबईतल्या माणसाला लागेल."

आईच्या तर्कशास्त्रापुढे मी कधी गेलेलो नाही. म्झेंना विचारलं, चंद्र किती वाजता येईल? त्यांनी पूर्वेकडे पाहिलं, बोटांनी काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "तीन. तीन, साडेतीन."

पहाटे साडेतीन! माझ्या पोटात खड्डा पडला. सकाळपासून पाच रताळी आणि त्यातलं एक गजवंशाला गेलेलं. मी मनातल्या मनात गणपतीशी वाटाघाटी सुरू केल्या. माझा चेहरा बघून रिसेप्शनवरच्या मुलीनं खुलासा केला. स्वाहिलीत घड्याळ सूर्याबरोबर चालतं. सकाळी सहाला आपले सहा, त्यांचे बारा. सात वाजले की 'सा मोजा', एक. रात्री पुन्हा तसंच. 'सा टाटू' म्हणजे तीन, म्हणजे आपले रात्रीचे नऊ. वर्षभर सूर्य साधारण एकाच वेळी उगवतो, मग त्याच्यापासूनच का मोजू नये? माझे आजोबा सूर्योदयापासून घटका मोजायचे, तेही हेच. म्हणजे साडेनऊ. जीव भांड्यात पडला.

पण आकाश भरलेलं. जुलैत तिथे फारसा पाऊस नसतो, नुसते ढग. मी गॅलरीत शाल लपेटून बसलो. म्झे फेरीवरून आले आणि कठड्याला रुंगू टेकवून शेजारी उभे राहिले. चंद्रासाठी उपाशी बसलेला माणूस त्यांना पटला असावा, कारण त्यांनी कारण विचारलं नाही. मी कुठला, एवढंच विचारलं. इंडिया म्हटल्यावर म्हणाले, "मग तू चव्वेचाळिसावा." २०१७ साली केनिया सरकारनं तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना देशातली ४४वी जमात म्हणून मान्यता दिली, त्यावरून. मी म्हटलं, मी दहा दिवसांपुरता चव्वेचाळिसावा.

उत्तरेला शहराच्या दिव्यांचा पिवळा उजेड ढगांवर पडला होता. आग्नेयेला, किटेंगेलाच्या माळाकडे, सगळा काळोख. आणि त्या काळोखात एक दिवा लुकलुकला. मग त्याच्या बाजूचा. मग तिसरा. मग पहिला.

आता, माझ्या धंद्यात लुकलुकणारा दिवा म्हणजे दोन गोष्टी: नाहीतर अलार्म, नाहीतर लूज कॉन्टॅक्ट. मी बघत राहिलो. लूज कॉन्टॅक्ट इतका नेमाचा नसतो. दिवे एकामागून एक, ठरावीक अंतरानं पेटत होते. लांबून वाटावं, कुणी कंदील घेऊन गोल फिरतंय. थोडं पलीकडे दुसरा तसाच पुंजका. त्यात मात्र मधेच खंड पडत होता.

"काय आहे ते?"

"टा झा सिंबा," म्झे म्हणाले. सिंहाचे दिवे.

त्यांनी सांगितलं आणि मी नंतर वाचलं, ते मिळून असं. पार्कला तीन बाजूंनी कुंपण आहे. दक्षिणेला नाही, तिथे ही म्बागाथी नदी. झेब्रे आणि वाइल्डबीस्ट चरायला बाहेर पडतात, त्यांच्यामागे सिंह. बाहेर मासाईंच्या गाई. झेब्र्यापेक्षा गाय धरायला सोपी. मग माणसं भाले घेऊन निघतात. २०१२ च्या जूनमध्ये किटेंगेलात शेळ्या मारल्या म्हणून एका सकाळी सहा सिंह मारले गेले. याच भागातला रिचर्ड तुरेरे नावाचा मुलगा घरच्या गाई राखायचा. घरातला एकुलता एक बैल सिंहानं नेला होता. त्यानं आधी जाळ करून पाहिला, तर सिंहाला गोठा आणखी स्पष्ट दिसला. मग बुजगावणं केलं. पहिल्या दिवशी सिंह गेला, दुसऱ्या दिवशी ओळखून आत आला. एका रात्री हातात टॉर्च घेऊन हा गोठ्याभोवती फिरत होता, त्या रात्री सिंह आला नाही. हलणाऱ्या उजेडाला सिंह भितो, हे त्याच्या लक्षात आलं. गाडीची जुनी बॅटरी, सोलर पॅनेल, मोटरसायकलच्या इंडिकेटरचा डबा, मोडक्या टॉर्चचे बल्ब, एवढ्या भांडवलावर त्यानं फिरत्या माणसाचा भास करणारे दिवे बनवले. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आधी आईचा नवा रेडिओ उघडून त्याची वाट लावली होती, तो शिक्षणाचा खर्च. २०१३ साली तो अमेरिकेत 'टेड' या व्याख्यानांच्या मंचावर जाऊन हे सांगून आला.

मी म्झेंच्या हातातल्या टॉर्चकडे पाहिलं. थरथरत बिरथरत काही नव्हता हात.

"आणि तो खंड पडतोय तो?"

"माझ्या बहिणीचा बोमा. नदीकडचे दोन दिवे गेलेत. मंगळवारी दोन शेळ्या गेल्या."

चंद्र दहाला पाच कमी असताना ढगाच्या फटीतून आला. मी हात जोडले. म्झेंनीही टोपी काढली. मग आचाऱ्यानं राखून ठेवलेली चपाती, मुगाची आमटी (तिला तिथे न्डेंगू म्हणतात, पहिल्यांदा ऐकलं की पोटात गोळा येतो) आणि कांदा-टोमॅटोची कचुंबर. ती तिथेही 'कचुंबारी'च आहे. इतकं चवीनं मी बऱ्याच दिवसांत जेवलो नव्हतो.

रविवारी विमान रात्रीचं होतं. सकाळी मी पिशवी खांद्याला लावली आणि म्झेंना म्हटलं, चला.

दोन किलोमीटर चाललो असू. वाटेत बाभळीसारखी काटेरी झुडपं, काट्यांच्या बुडाशी सुपारीएवढ्या काळ्या पोकळ गाठी. गाठीला भोकं, भोकांत मुंग्या. जिराफानं तोंड लावलं की मुंग्या त्याला चावायला धावतात. वारा सुटला की त्या भोकांतून बारीक शीळ वाजते. मी फांदीला कान लावला आणि एक मुंगी कानात घेऊन पुढे गेलो.

बोमा म्हणजे काट्यांच्या फांद्यांचं गोल आवार, मधे गुरं, कडेनं घरं. बहीणबाई साठीच्या असतील. तिकडे बाईमाणसाला आदरानं 'मामा' म्हणतात. मी दर वेळी 'मामा' म्हणायचो आणि माझ्या डोळ्यांपुढे डोंबिवलीचा मामा यायचा. त्यांनी आधी शेळ्या गेल्या ती जागा दाखवली, मग दिव्यांचा डबा.

पत्र्याच्या डब्यात मोटरसायकलची बॅटरी, वर छपरावर वहीएवढं सोलर पॅनेल. टर्मिनलांवर पांढरा-हिरवा चुना साचलेला. गरम पाणी मागितलं, जुन्या टूथब्रशनं घासलं, वर व्हॅसलीन लावलं. व्हॅसलीन जगात सगळीकडे मिळतं. मीटर लावला: बॅटरीवर १२.४ व्होल्ट. म्हणजे बॅटरी ठीक. वायर धरून आवाराभोवती निघालो. पहिले चार दिवे बरोबर. नदीकडच्या कोपऱ्यात वायरीला सांधा होता, नुसता पीळ दिलेला, टेप नाही. सांध्यापलीकडे जेमतेम सहा व्होल्ट. तांबं काळं पडलेलं, आणि वरच्या प्लास्टिकवर दातांच्या खुणा.

"सिंह?" मी विचारलं.

म्झे बराच वेळ हसले. "शेळी."

म्हणजे शेळीनं वायर चावली, दिवे गेले, सिंह आला आणि शेळ्या गेल्या. फॉल्ट रिपोर्टमध्ये 'रूट कॉज' असा एक रकाना असतो, तो इतका नीट माझ्या नोकरीत कधी भरला गेला नाही.

काळं तांबं कापून टाकलं, नवीन टोकं सोलली, पक्का पीळ दिला. पिशवीत डायलिसिस मशीनसाठी आणलेली हीट-श्रिंकची नळी होती, ती चढवली, काडेपेटीनं आवळली. एक नातू प्रत्येक पायरी डोळ्यांनी गिळत होता. दुसरा सांधा मी त्यालाच करायला दिला. माझ्यापेक्षा घट्ट केला त्यानं. उजेडाचा सेन्सर हातानं झाकल्यावर सहाही दिवे लागले, एकामागून एक, भर उन्हात फिके फिके. दूध घालून उकळलेला चहा आला, त्याला धुराचा वास होता आणि साखर चार चमचे. पैशाचा विषय म्झेंनी काढला, स्वाहिलीतही पैशाला 'पेसा'च म्हणतात, त्यामुळे कळलं नाही असं सोंग घेता येईना. मी म्हटलं, एक रताळं द्या. त्यांनी अर्धं पोतं दिलं. त्यातली चार लॉजच्या कठड्यावर ठेवून आलो.

सोमवारी रात्री ठाण्यात आईच्या शेजारी बसून जेवत असताना म्झेंकडून एक व्हिडिओ आला. चौदा सेकंदांचा. सगळा काळोख, कुठेतरी कुत्रं भुंकतंय, आणि सहा ठिपके एकामागून एक पेटतायत. मी दोनदा मोजले.

आईनं चष्मा वर करून पाहिलं. "कुठल्या मंडळाची रोषणाई रे ही? एवढ्या लवकर?"